पाडव्यानंतरचे पंधरा दिवस

जामखेड तालुक्यातल्या एका उपकेंद्रात मी अकरा वर्षं नर्स आहे. दोन खोल्या, पुढे पत्र्याचा व्हरांडा, मागे कायम कोरडी पडलेली पाण्याची टाकी. चार गावं आणि सात वस्त्या माझ्याकडे आहेत. माझं माहेर पारनेरकडचं, तिकडेही पावसाचं असंच, त्यामुळे इथलं ऊन मला नवं नव्हतं. नवं होतं ते दिवाळीनंतर गावाचं रिकामं होणं. ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या की वस्त्यांवर म्हातारी माणसं, शेळ्या आणि कुलपं एवढंच उरायचं. पाच-सहा महिन्यांनी लोक परतायचे, आणि त्यानंतरच्या दोन महिन्यांत माझ्या रजिस्टरात गरोदर बायकांच्या नोंदी भराभर वाढायच्या.

नोंद करताना पहिला प्रश्न ठरलेला असतो. शेवटची पाळी कधी आली? तारीख फारशी कुणाला आठवत नाही. पण कोणत्या सणाला देवाला हात लावता आला नाही, ते प्रत्येकीला आठवतं. कुणी सांगते संक्रांतीला सुगडं पुजली नव्हती, कुणी सांगते होळीला नैवेद्य जावेने दाखवला. मी कॅलेंडर बघून तारीख काढायची, तीत नऊ महिने आणि सात दिवस मिळवायचे आणि बाळंतपणाची तारीख कार्डावर लिहायची. हे इतक्या वेळा केलेलं, की त्यात सांगण्यासारखं काही आहे असं मला कधी वाटलंच नाही.

ती पहिल्यांदा आली ते पाच वर्षांपूर्वी, वैशाखात. तेवीस-चोवीस वर्षांची, अंगाने किरकोळ, बोलायला स्पष्ट. तिला मी आधीपासून ओळखत होते. त्याच्या आदल्या वर्षी ती नवऱ्याबरोबर उसाला गेली होती आणि तिसऱ्या महिन्यात मोळी उचलताना तिचा गर्भ पडला होता. तिकडच्याच एका दवाखान्यात पिशवी साफ केली आणि चौथ्या दिवशी ती पुन्हा फडात उतरली. गावी आली तेव्हा पांढरीफटक होती. लोहाच्या गोळ्या, तपासण्या, सगळं मीच केलं आणि तिच्या सासूला बजावलं की हिला यंदा मोळ्या उचलायला पाठवू नका. सासूने ऐकलं. म्हणून त्या हंगामात नवरा आपल्या चुलतभावाबरोबर कोयता घेऊन गेला आणि ती सासूजवळ घरी राहिली. तिला घरी ठेवा म्हणणारी मीच होते, हे इथेच सांगून टाकते.

कारखान्याचा पट्टा पडायला, म्हणजे हंगाम संपायला, त्या वर्षी उशीर झाला. नवरा आला तो हनुमान जयंतीच्या दिवशी, गावच्या जत्रेला. हे मला तिनेच सांगितलं, हसत. तो टेम्पोतून उतरला तेव्हा मारुतीच्या देवळापुढे कुस्त्या चालू होत्या आणि घरी न येता तो तसाच कुस्त्या बघायला थांबला, अशी तक्रारही केली.

"पाळी कधीची?" मी विचारलं.

"पाडव्याची. ऐन सकाळी आली. गुढी आत्याबाईंनीच उभारली, मी पाच दिवस बाजूला हुते. मग आखितीला यायला पायजे हुती, ती आली न्हाई. पितरांची घागर मीच भरली."

लघवीच्या पट्टीवर दोन रेघा उमटल्या. ती पट्टीकडे बघत राहिली. सासू बाहेर व्हरांड्यात होती, तिला मी आत बोलावलं. सासू म्हणजे साठीच्या आतली, काटक बाई. नवरा लवकर गेलेला, दोन लेकरं कोयत्यावर वाढवलेली. तिने सुनेच्या डोक्यावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. मी कार्ड भरलं, आधीचा गर्भ गेलेला असल्यामुळे लवकर सोनोग्राफी करून घ्या म्हटलं आणि जामखेडच्या एका डॉक्टरांसाठी चिठ्ठी दिली. तो लसीकरणाचा दिवस होता. व्हरांड्यात पंधरा-वीस पोरं रडत होती. दिवस कसे मोजतात, मशीन काय दाखवेल, कागदावर काय येईल, यातलं एक अक्षर मी बोलले नाही.

सोनोग्राफी सहा दिवसांनी झाली. ती, सासू आणि नवरा, तिघंही गेली होती. डॉक्टरांनी पडद्यावर ठोके दाखवले. सगळं चांगलं आहे, साडेसहा आठवडे झालेत, असं सांगून कागद हातात दिला. त्यांनी सांगितलं ते बरोबरच होतं.

नवरा दहावी शिकलेला. परतीच्या वाटेवर एस.टी.त त्याने कागद उलगडला. इंग्रजीतलं त्याला सगळं कळलं नाही, पण सहा आणि चार हे आकडे आणि त्यांच्यापुढचे आठवडे, दिवस हे शब्द त्याला लागले. तो घरी येऊन किती दिवस झाले, ते त्याने मनात मोजलं. बत्तीस. म्हणजे साडेचार आठवडे. त्याने पुन्हा मोजलं. तरी बत्तीसच. वस्तीवर उतरेपर्यंत तो एक शब्द बोलला नाही, आणि तिला वाटलं, आनंदाने गप्प आहे.

हे सगळं मला पुढे तुकड्यातुकड्याने कळलं, थोडं तिच्याकडून, थोडं त्याच्याकडून, थोडं आशाताईकडून, म्हणजे आमच्या गावच्या आशा कार्यकर्तीकडून. मी तेव्हा गावात नव्हते. सोनोग्राफीच्या दुसऱ्याच दिवशी वडिलांच्या पायाला गँगरिनची भीती आहे म्हणून भावाचा फोन आला आणि मी रजा टाकून पारनेरला गेले.

घरात आधी आवाज झाला नाही. त्याने आईला बाजूला घेऊन कागद दाखवला. आईला वाचता येत नव्हतं, तिने बोटांवर मोजलं. मग सुनेला समोर बसवून विचारलं, हे कुणाचं? तिला प्रश्नच कळला नाही. कळला तेव्हा ती म्हणाली की पाडव्याला मी बाजूला होते, तुम्हीच गुढी उभारलीत, मग आधीचं कसं असेल? तिच्याजवळ एवढंच उत्तर होतं आणि ते पुरेसं होतं. पण त्याने कागद पुढे केला. मशीन काय खोटं बोलतंय? डॉक्टर काय खोटं बोलतोय? आणि तिला तरी आठवड्यांचं गणित कुठे ठाऊक होतं. कागद बघून तीसुद्धा गोंधळली. आपल्याच पोटात काहीतरी चुकीचं घडलंय की काय, असं आपल्याला क्षणभर वाटलं, असं तिने मला पुढे दवाखान्यात सांगितलं. माझ्या मनात ते वाक्य सगळ्यात खोल रुतलं आहे.

मग सासू आठवू लागली की त्या पाच महिन्यांत घरी कोण कोण आलं होतं. दुधाचा टेम्पोवाला. मीटर बघायला येणारा. शेळी दाखवायला बोलावलेला जनावरांचा डॉक्टर. प्रत्येकाचं नाव घेऊन तिला विचारलं जायचं. नवऱ्याने हात उगारला नाही, हे तो पुढे मला दोनदा म्हणाला, जणू त्याने काही कमी होत होतं. त्याने तिच्या हातचं जेवण सोडलं. आईने वाढलं तर जेवायचा. रात्री बाहेर बाजेवर झोपायचा. वस्तीवर आठ घरं, कुणाची बाज कुठे आहे ते सगळ्यांना दिसतं.

चौथ्या दिवशी ती उपकेंद्रावर आली. कुलूप होतं. ती आशाताईच्या घरी गेली. आमची आशाताई कामाला चांगली, पण आठवडे कधीपासून धरतात हे तिलाही नीट माहीत नव्हतं. तिला एवढंच कळत होतं की पाळी पाडव्याची असेल तर पोर पाडव्याच्या आधीचं नसणार. ते तिने सांगितलं, पण कागदाचं काय, याला तिच्याकडे उत्तर नव्हतं. तिने मला फोन लावला.

वडिलांना पारनेरहून नगरला हलवलं होतं, मी तिथल्या दवाखान्याच्या जिन्यात उभी होते. वडिलांचा अंगठा काढायचा की पंजा, यावर डॉक्टर आणि भाऊ बोलत होते. आशाताई म्हणाली, "मॅडम, त्या घरात तारखेवरून कायतरी चाललंय. पोरगी रडतीय लई. तुमी कधी येनार?"

"सोमवारी," मी म्हणाले. "आल्यावर बघते."

तिने अजून काही सांगायला सुरुवात केली. मी म्हणाले, आता ठेव, नंतर बोलते. दोन मिनिटं पुरली असती. तिच्या फोनवरून नवऱ्याशी बोलले असते, त्या सासूशी बोलले असते. आणि समजावायला माझ्याकडे कुठलं पुस्तक उघडायची गरज नव्हती, कारण हे माझ्या स्वतःच्या बाबतीत घडलेलं होतं. माझ्या लग्नाला चोवीस दिवस झाले होते तेव्हा माझा गर्भ साडेपाच आठवड्यांचा भरला होता. माझे मिस्टर शाळामास्तर, त्यांनी चेष्टेत विचारलं होतं, हे गणित कोणत्या शाळेतलं? मी त्यांना वहीच्या मागच्या पानावर समजावून सांगितलं. मोजणी पाळीच्या पहिल्या दिवसापासून धरतात, कारण तेवढा एकच दिवस बाईला नक्की ठाऊक असतो. खरा गर्भ राहतो तो साधारण दोन आठवड्यांनी. म्हणजे कागदावरच्या पहिल्या दोन आठवड्यांत पोटात काहीच नसतं. आम्ही दोघं हसलो होतो. मी नर्स होते, म्हणून माझ्या घरात ही चेष्टा होती.

सोमवारी सकाळी मी बसने परत आले. कुलूप उघडून झाडलोट करत होते तेवढ्यात एक जीप दारात आली. मागच्या सीटवर ती आडवी, डोकं सासूच्या मांडीवर. खाली पोतं अंथरलेलं आणि ते भिजून सीटवर ओघळ आलेले. नवरा ड्रायव्हरशेजारी बसला होता, तो उतरला आणि तसाच उभा राहिला.

नाडी लागत होती, पण दोऱ्यासारखी. मी पाय उंच केले, सलाईन लावली, ॲम्ब्युलन्सला फोन केला. काय दिलंत, म्हणून विचारलं. सासूने नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने खिशातून गोळ्यांचं रिकामं पाकीट काढून माझ्या हातात दिलं. शनिवारी तो मोटारसायकलवर दूरच्या एका गावी गेला होता, जिथे त्याला कुणी ओळखत नव्हतं, आणि तिथल्या मेडिकलमधून ते घेऊन आला होता. गोळ्या सासूने दिल्या. तिने घेतल्या. कुणी तिचे हात धरले नव्हते. ती नंतर मला म्हणाली, घेतल्या नसत्या तर त्या घरात मला जागा नव्हती, आणि माहेरी तरी कोणत्या तोंडानं जाणार होते?

ॲम्ब्युलन्सला चाळीस मिनिटं लागली. तेवढा वेळ मी तिच्या पोटावर हात ठेवून बसले होते. मला त्या कामातलं सगळं शिकवलेलं आहे, आणि अशा वेळी शिकलेलं नको वाटतं. त्या दिवशी गर्भ पावणेआठ आठवड्यांचा होता. आदल्या आठवड्यात पडद्यावर दिसला तेव्हा तांदळाच्या दाण्याएवढा असणार, हातापायांच्या जागी नुसते कोंब, खाली बारीकशी शेपटी, आणि मध्ये लुकलुकणारं काळीज. आठव्या आठवड्यात तो घेवड्याच्या बीएवढा होतो. कोपर वाकू लागतं. तळहाताच्या चकतीत बोटांच्या रेघा पडतात. पापण्या धरू लागतात. प्रशिक्षणात आम्हाला हे काचेच्या बरण्यांतून दाखवलं होतं, आणि आम्ही मुली घंटा होण्याची वाट बघत वहीत आकृत्या काढत होतो.

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मी तिच्याबरोबर गेले. अर्धवट पडलेलं होतं, पिशवी साफ करावी लागली, रक्ताच्या दोन पिशव्या चढवल्या. डॉक्टरांना मी पाकीट दाखवलं, ते आवश्यकच होतं. संध्याकाळी ती शुद्धीवर आली. मी खाटेजवळ होते.

तिने आधी विचारलं ते माझ्या वडिलांबद्दल. आशाताईने तिला सांगितलं होतं. मी म्हणाले, अंगठ्यावर निभावलं.

"शिस्टर," ती म्हणाली, "खरंच आधीचं हुतं का वो ते?"

मी नाही म्हणाले. मग तिला सगळं सांगितलं, जे दोन आठवड्यांपूर्वी सांगायला हवं होतं. पाडव्यापासून मोजतात. हनुमान जयंतीला बरोबर दोन आठवडे झाले. बीज तयार होतं ते त्याच सुमाराला. ते एक दिवसभर जगतं, तेवढ्यात संग झाला तर गर्भ धरतो, मग पाच-सहा दिवसांनी पिशवीला चिकटतो. म्हणजे तो आला त्याच दिवसांतलं ते होतं, दुसऱ्या कुठल्या दिवसाचं असूच शकत नव्हतं. साडेसहातून दोन वजा केले की साडेचार राहतात.

ती ऐकत होती. माझं बोलणं संपलं तेव्हा तिने तोंड भिंतीकडे केलं. ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी माझ्या रजिस्टरात नोंद करायची होती. गर्भपात, आपोआप की केलेला. तिने आधीच सांगून ठेवलं होतं, पडलं म्हणून लिवा. दवाखान्याने त्यांच्या कागदावर काय लिहायचं ते लिहिलं. मी माझ्या रजिस्टरात आपोआप असं लिहिलं. ते खोटं होतं आणि मी ते लिहिलं, तिच्यासाठी की माझ्यासाठी, हे मला आजही नक्की सांगता येत नाही. कारण केलेला असं लिहिलं असतं तर पुढे कुणीतरी विचारलं असतं, का केला, आणि मग त्यांना समजावून सांगायचं काम कुणाचं होतं, हेही विचारलं असतं.

आठ दिवसांनी मी त्यांच्या वस्तीवर गेले. ती तेव्हा माहेरी होती, भाऊ येऊन घेऊन गेला होता. सासू शेळ्यांना पाला टाकत होती. नवरा दारात कोयत्याला मूठ बसवत होता. मी पाणी घेतलं आणि भिंतीवरचं कॅलेंडर काढून मागितलं. त्याने ते आणून माझ्यापुढे जमिनीवर ठेवलं.

मी पाडव्यावर बोट ठेवलं. "मावशी, त्या दिवशी गुढी कुणी उभारली?"

"म्याच," सासू म्हणाली.

"ती का नाही?"

"ती बाजूला हुती." बोलता बोलता तिचा हात पाल्याच्या पेंढीवर थांबला. मी पुढचं काही अजून बोललेच नव्हते. तीन लेकरं जन्माला घालून त्यांतली दोन वाढवलेली बाई ती, कागद समोर नसता तर तिला हे कुणी सांगायची गरज नव्हती. तरी मी सगळं सांगितलं. एकेक दिवस बोटाने दाखवत पाडव्यापासून पौर्णिमेपर्यंत आले, हे दिवस कागदात धरलेले असतात पण गर्भाचे नसतात म्हणाले, आणि तिथून पुढे बत्तीस दिवस मोजले. सोनोग्राफीची तारीख आली. सासू उठली आणि घरात गेली. मी निघेपर्यंत ती बाहेर आली नाही.

नवरा कॅलेंडराकडे बघत उकिडवा बसला होता.

"हे आधी का न्हाई सांगितलं?" तो म्हणाला.

त्याचा आवाज चढलेला नव्हता. विचारायचं म्हणून विचारत होता. मी त्याला म्हणू शकले असते, तू विचारायला का नाही आलास, बायकोवर विश्वास का नाही ठेवलास, गोळ्या आणायला तीस-चाळीस किलोमीटर गेलास, त्यापेक्षा नगरला येऊन मला भेटला असतास. हे सगळं खरं होतं. पण त्याच्या प्रश्नाला ते उत्तर नव्हतं. मी म्हणाले, "चुकलं माझं." त्याने मान हलवली. मी कॅलेंडर पुन्हा खिळ्याला अडकवलं आणि निघाले.

तो तिला आणायला तीनदा गेला. पहिल्या दोन वेळा ती समोरच आली नाही. तिसऱ्यांदा तिच्या वडिलांनी तिला पाठवलं. धाकट्या बहिणीचं जमत आलं होतं, आणि थोरली घरी बसलेली असली तर पाहुणे प्रश्न विचारतात. ती आली. नवऱ्याने बाज आत घेतली. सासू तिला काम सांगेना, तिच्याआधी उठून पाणी भरून ठेवू लागली. आशाताई म्हणाली, म्हातारी सुनेला जपते लई आता. मला ते जपणं बघवत नव्हतं. सून समोरून गेली की म्हातारी नजर खाली घ्यायची.

त्या दिवाळीनंतर ती नवऱ्याबरोबर उसाला गेली. मी नको म्हणायला गेले नाही. तोंड नव्हतं.

पुढच्या हंगामातही ती गेली आणि त्याच्या पुढच्याही. तिसऱ्या वर्षी टोळ्या परतल्या तेव्हा आशाताई तिला घेऊन आली. पोट दिसत होतं. कुठेच नोंद नाही, लस नाही, गोळ्या नाहीत. मी तिला टेबलावर घेतलं, पोट मोजलं, ठोके ऐकवले. ठोके ऐकताना तिचा चेहरा हलला नाही. मग कार्ड काढून मी पेन उघडलं आणि विचारलं, शेवटची पाळी?

"ध्यानात न्हाई," ती म्हणाली.

जिला तीन वर्षांपूर्वी पाडव्याची सकाळ, आखितीची घागर, सगळं तोंडपाठ होतं, ती. मी म्हणाले, दिवाळीच्या आधी की नंतर, तेवढं तरी. कारखान्यावर गेल्यावर एकदा तरी आली का?

"तुमाला काय लिवायचं ते लिवा. मी तारीख सांगनार न्हाई."

आशाताईने तिला समजवायला तोंड उघडलं. मी तिला हातानेच थांबवलं. पोट बेंबीच्या वर चार बोटं होतं. त्यावरून मी साधारण सहावा महिना धरला आणि अंदाजाची एक तारीख लिहिली. पुढे सोनोग्राफीलाही ती गेली नाही. चिठ्ठी मी प्रत्येक वेळी दिली, तिने प्रत्येक वेळी ती घडी करून ब्लाउजमध्ये ठेवली आणि गेली नाही. नवऱ्याला मी म्हणाले तर तो म्हणाला, तिला नको हाय, मी काय बोलू? खरंच, तो काय बोलणार होता.

मी धरलेल्या तारखेच्या सोळा दिवस आधी तिच्या कळा सुरू झाल्या. जोखमीची बाई म्हणून मी तिला तालुक्याला न्यायचं ठरवून ठेवलं होतं, पण सासूने तिला आमच्याकडे आणलं तेव्हा पाण्याची पिशवी फुटून डोकं खाली आलेलं होतं. दुपारी अडीचला मुलगी झाली. वजन दोन किलो शंभर. लगेच रडली नाही. मी पाठ चोळली, नाका-तोंडातलं पाणी ओढून काढलं, तोंडावर हवेची पिशवी लावून दोन-तीनदा श्वास दिला. मग रडली. ती मुलगी दिवसांआधी आली होती की दिवस भरूनच लहान होती, ते मला कळायला मार्ग नव्हता. नखं पुरी होती, कानाची पाळी कडक होती, एवढ्यावरून भरलेली असावी असं मी धरलं.

सासू बाहेर बसली होती. मुलगी म्हटल्यावर तिने दोन्ही हात जोडले, मला की कुणाला ते माहीत नाही. आत यायला बिचकत होती. मीच तिला ये म्हणाले. तिने नातीला घेतलं नाही. सुनेच्या पायाशी खाटेवर टेकली आणि तिच्या पोटऱ्या दाबू लागली. सुनेने पाय मागे घेतले नाहीत.

आता मी प्रत्येक बाईला, आणि जमलं तर तिच्या नवऱ्याला, पहिल्याच दिवशी ते सांगते. नुसतं सांगत नाही, कॅलेंडरवर दाखवते. व्हरांडा भरलेला असला तरी. काही नवरे हसतात, काहींना लाज वाटते, एक-दोघे चिडले की आम्ही कुठं काय म्हणलंय. सांगून झालं की माझं मला बरं वाटतं, असं मात्र नाही.

ती मुलगी आता पावणेदोन वर्षांची आहे. अंगाने बारीक, पण पळते. टोळीबरोबर जाते, टोळीबरोबर येते, त्यामुळे लशी मागेपुढे होतात. गेल्या महिन्यात आशाताईने दोघींना आणलं, मी मुलीच्या दंडावर गोवराचा दुसरा डोस दिला. ती भोकाड पसरून रडली. आईने तिला खांद्यावर टाकलं, कार्डासाठी हात पुढे केला, कार्ड घेतलं आणि माझ्याकडे न बघता उन्हात निघून गेली.